आवाजी मतदान

नगरच्या शांतता समितीने आपला वर्धापनदिन रॉक गायनाने साजरा करायचे ठरवले, यात कोणालाच काही वावगे वाटले नाही. शहरात वर्षभर शांतता नांदली होती आणि तिचा गाजावाजा करणे हे समितीचे कर्तव्यच होते. साल एकोणीसशे बहात्तर. पोरांच्या पँटी खाली रुंद झाल्या होत्या, केस कानांवरून उतरले होते, आणि या पोरांचा देव होता मोहियोद्दीन. दिवसा तो नागापूरच्या कारखान्यात लेथवर उभा असे; संध्याकाळी गळ्यात गिटार अडकवून इंग्रजी गाणी म्हणे. ती त्याने भिंगारमधल्या एका लष्करी स्वयंपाक्याच्या रेडिओवर ऐकून उचलली होती. निम्मे शब्द त्याला येत, उरलेले तो जोरात म्हणे.

या जोरानेच घात केला. कार्यक्रमाच्या आठवड्यात डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिले. "गाठी आहेत. महिनाभर ब्र काढायचा नाही. आता गायलात तर आवाज परत येणार नाही." मोहियोद्दीनची पाचावर धारण बसली. त्याने मुलीची पाटी घेतली आणि पाटीवर लिहून बोलू लागला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्याची बायको बानू त्याला घेऊन मंडपात आली, ती 'जमणार नाही' हे सांगायलाच. समितीचे अध्यक्ष आबासाहेब हारांवर पाणी शिंपडत होते.

"आबासाहेब, यांचा आवाज बसलाय," बानू म्हणाली.

"बसला?" आबासाहेब दचकले. "पाहुने अजून दारात उभे हायेत, बाई! पाहुन्यांच्या आधी कोनी बसायचं न्हाई, आपला रिवाज हाय."

"आवाजाला कसला आलाय रिवाज? डॉक्टर म्हनत्यात, आज गायले तर मुकेच हुतील. मग मला 'बानू' म्हनून कोन हाक मारील?"

आबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले. मनाने ते फार हळवे होते. असा माणूस एकट्याने कठोर होऊ शकत नाही, त्याला ठराव लागतो. त्यांनी ताबडतोब तो मंडपापुढे ठेवला.

चिटणीस मच्छिंद्ररावांनी माईकवरून वाचले, "श्री. मोहियोद्दीन यांचा आवाज आभारप्रदर्शनापर्यंत उभा आहे, असे समजण्यात यावे. तदनंतर तो बसण्यास समितीची हरकत नाही. आवाजी मतदान घेण्यात येत आहे. बाजूने?"

मंडपाच्या कनाती हादरल्या.

"विरोधात?"

मोहियोद्दीनने हात वर केला.

"हाताचं चालत न्हाई, भाऊ. आवाजी हाय."

त्याने पाटीवर ठळक 'नाही' लिहून दाखवले.

"लेखी हरकत आठवडाभर आधी द्यायची असती."

"माझा विरोध हाय!" बानू ओरडली.

"बाई, तुमचं तिकीट कुठंय?" मच्छिंद्ररावांनी विचारले. तिकीट नव्हते. त्यांनी पुन्हा 'विरोधात?' असे विचारले, थोडा वेळ थांबून मंडपावरून नजर फिरवली आणि ठराव एकमताने मंजूर झाल्याचे जाहीर केले.

मोहियोद्दीन गायला. पहिल्या गाण्याला आवाज फाटला, दुसऱ्याला त्याच्या चिंध्या झाल्या. पोरे बेभान झाली. "ह्ये खरं इंग्रजी!" कोणीतरी किंचाळले. पाहुणे भारावून उभे राहिले. पाहुणे उभे म्हणून मंडप उभा राहिला. आणि सगळा मंडप उभा म्हटल्यावर आवाजाला बसायची सोय उरली नाही. "वन्स मोअर!" तेच गाणे पुन्हा सुरू झाले. मध्येच कुठेतरी नुसती गिटार वाजत राहिली आणि ओठ हलत राहिले. टाळ्यांच्या कडकडाटात कोणाला फरक कळला नाही. बानूला कळला. मग रीतसर आभार झाले.

तो आवाज पुन्हा उठला नाही. पुढच्या वर्धापनदिनी समितीने शहराच्या शांततेला दिलेल्या वैयक्तिक योगदानाबद्दल मोहियोद्दीनला शाल-श्रीफळ दिले. 'दोन शब्द बोला' असा आग्रह झाला तेव्हा त्याने बानूकडे पाहून नुसते ओठ हलवले. ती मंडपाच्या कडेला उभी होती. तिने तिथूनच ओ दिली.

नगरात लोक अजून हळहळतात. एवढा गुणी गायक, पण त्याच्या बाजूने एक माणूस बोलला नाही, म्हणतात. खरे आहे. 'विरोधात?' असे विचारून मच्छिंद्रराव चांगले थांबले होते. तिकीट तुमच्या-आमच्या खिशात होते, आणि घसाही ठणठणीत होता.