पाणबुडी आणि सासूबाईंचे कान

जावईबापूंनी विडा उचलला होता. रविवारी सगळ्यांच्या देखत कॉम्प्युटरच्या खेळातली आपली पाणबुडी सुखरूप बंदरात नेऊन दाखवायची! नेली, तर मागची छोटी खोली कॉम्प्युटरसकट त्यांची. बुडाली, तर तिथं सासूबाईंचं शिलाई मशीन. अट सासूबाईंचीच, कारण त्या खोलीतून त्यांना आजवर फक्त स्फोटच ऐकू आले होते.

विम्याच्या कचेरीत दिवसभर लोकांच्या दाव्यांवर संशय घेणारा माणूस स्वतः सरळ कशाला खेळेल? जावईबापूंनी एक एडिटर डाउनलोड केला. त्यातून खेळाच्या फायली उघडून जहाजांचे आकडे बदलता येत. शत्रूच्या एका गस्ती नौकेला पाण्याखाली खुट्ट झालं तरी ऐकू जायचं. "डिट्टो सासूबाई!" असं पुटपुटत त्यांनी तिच्या श्रवणशक्तीपुढे शून्य टाकलं आणि यादीत चटकन सापडावी म्हणून नावही तेच दिलं. पाणबुडी लांबून बिनबोभाट निसटली. ते खुदकन हसले.

"काय हो, हसलात का?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

तेव्हापासून सासूबाई फडकं घेऊन उगाच खोलीत डोकावू लागल्या. त्यांना जावयाचा संशय, जावयाला त्यांचा आणि बायकोला दोघांचाही!

रविवारी तिघं पडद्यासमोर बसली.

"एवढ्या लांबून का चाललीय तुमची बोट?" सासूबाईंनी विचारलं.

"सावधगिरी, आई."

"मला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय. ती नौका झोपलीय का? न्या बघू जवळ!"

"जा ना," बायको म्हणाली. "खरं खेळतोयस ना?"

आता माघार कुठं घेणार? नेली जवळ. जवळ गेलं की खेळ शत्रूची ओळख सांगतो, हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक? ते कधी जवळ गेलेच नव्हते! पडद्यावर ठळक अक्षरं उमटली: "ओळख पटली. नाव: सासूबाई. श्रवणशक्ती: शून्य."

"आई, ती... ती दुसऱ्या कुणाची तरी सासू आहे!"

सासूबाईंनी चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"मग बघताय काय? उडवा तिला! ऐकू कुठं येतंय बापडीला!" आणि पदर तोंडाला लावून त्या खो खो हसत सुटल्या.

धडाम! नौका तळाला गेली. समोर बंदराचे दिवे दिसू लागले. सुटलो! खोली आपली! जावईबापूंनी छाती फुगवून बायकोकडे पाहिलं. ती मात्र पडद्याकडे पाहत होती.

"सावधान! दुसरी नौका समोर. नाव: बायको. तोफा: बंद."

"बंद?" बायकोनं अगदी हळू आवाजात विचारलं.

शिलाई मशीन भलतंच जड होतं. ते जावईबापूंनी एकट्यानं आत नेलं, कुठं ठेवू तेवढंच विचारलं.