पास झालेली पेटी

आमच्या जांभुळकर सरांना कुठलाही डबा दिसला की ते त्यात स्वतःचा मोबाइल ठेवतात, झाकण लावतात आणि म्हणतात, "लाव रे फोन." मी लावतो. आतून रिंग ऐकू येते. "वाजला? नापास." माझ्या आईने जालन्याहून पाठवलेला लाडवांचा डबाही त्यांनी असाच नापास केला. मोबाइलला बरेच दिवस तुपाचा वास येत होता.

यात वेड थोडं, नोकरी जास्त. दिल्लीजवळ मानेसरच्या आमच्या कारखान्यात प्लास्टिकमध्ये कार्बनचे बारीक तंतू मिसळून यंत्रांसाठी पेट्या बनवतात. नुसत्या प्लास्टिकमधून मोबाइलच्या लहरी आरपार जातात आणि आतल्या यंत्राला त्रास देतात. तंतूंचं जाळं नीट जमलं तर त्या अडतात. खरी तपासणी प्रयोगशाळेत होते, पण त्याआधी सरांचा मोबाइल.

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. दिल्लीत खोली मिळेपर्यंत सरांनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. काकू गेल्यापासून ते एकटेच. पातळ चहा नापास, माझी हिंदी नापास. मॉलच्या तळघरात रेंज गेली की मात्र खूश. "बिल्कुल पास, यार."

गेलं वर्षभर एका पेटीने आम्हाला दमवलं. तंतू वाढवले की प्लास्टिक ठिसूळ व्हायचं, कमी केले की फोन वाजायचा. अखेर नवी पेटी आली ती सरांच्या निवृत्तीच्या दिवशी. जर्मनीतला त्यांचा मुलगा कुणाल त्या दुपारी फोन करणार होता. सकाळपासून सरांनी हे सगळ्यांना सांगितलं होतं, गेटवरच्या गार्डलासुद्धा.

केक कापून झाला, दुपार उलटली. फोन आला नाही. मग सरच म्हणाले, चल, पेटी बघू.

मी माझा मोबाइल पुढे केला. म्हटलं, कुणालचा आला तर?

"तुझ्या फोनचा काय भरवसा? माझाच ठेव."

मी नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या जागी गेले.

सरांनी मोबाइल बाहेर काढला. थोड्या वेळाने मेसेजचा आवाज झाला. त्यांनी घाईघाईने चष्मा चढवला.

"तुझेच मिस्ड कॉल आहेत," ते म्हणाले. मोबाइल परत पेटीत ठेवून त्यांनी झाकण घट्ट दाबलं.

"सर, पास झाली ना पेटी?"

"झाली ना. आता कोणी विचारलं तर सांगता येईल, फोन पेटीत होता."