कुंडीचा हात

"फोटोतला माणूस असा गायब करतो, की त्याच्या आईला शोधायला पोलिसात जावं लागेल!"

हे वाक्य कुलदीपनं शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत, सुलतान बाजारातल्या मराठी वाचनालयाच्या मागच्या खोलीत, टेबलावर मांडी घालून उच्चारलं. गैरसमज नको. पोरगा गुंड नव्हता, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. पण मामांनी दुबईहून कॅमेरा आणून दिल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"नक्की जमेल?" मृण्मयीनं विचारलं.

"हौ! डाव्या हाताचा मळ आहे."

मृण्मयी ही 'खिडकी'ची संपादक. 'खिडकी' म्हणजे आसपासच्या मराठी घरांसाठी कॉलेजच्या पोरांनी चालवलेलं चार पानांचं मासिक वर्तमानपत्र. कुणाच्या बारशापासून नळाच्या वेळांपर्यंत सगळं त्यात असायचं. मृण्मयीचे वडील तीन वर्षांपूर्वी कंप्युटर कंपनीत नोकरीला म्हणून पुण्याहून आले होते. मुलगी पुण्याची, त्यामुळे संपादक कोण हा प्रश्न कधी निघालाच नाही. आजवर अंक सायक्लोस्टाईल करून निघायचा, वाचून झाल्यावर बोटं निळी व्हायची. आता पहिल्यांदाच तो खऱ्या प्रेसवर छापला जाणार होता आणि पहिल्यांदाच त्यात फोटो येणार होता. सगळे हवेत होते.

अडचण एकच होती, आणि तिचं नाव केशवराव.

केशवराव वाचनालयाचे सचिव. 'खिडकी'ला खोली, टेबल आणि पंखा त्यांनीच दिला होता. वाचनालयाचा पन्नासावा वर्धापनदिन आदल्याच दिवशी झाला होता आणि कुलदीपनं पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो काढला होता. तो झाल्या झाल्या केशवराव मागच्या खोलीत आले आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "फोटो पहिल्या पानावर घ्या. पण तो माणूस त्यात दिसता कामा नये. दिसला तर खोलीची किल्ली माझ्या हातात आणून द्यायची."

तो माणूस म्हणजे लक्ष्मणराव. बेगम बाजारात मिरची-मसाल्याचं मोठं दुकान. तरुणपणी या दोघांनी वाचनालयाची कपाटं हातगाडीवर घालून स्वतः ओढत आणली होती. पुढच्या शेहेचाळीस वर्षांत एक दिवस एकमेकांना भेटल्याशिवाय गेला नाही. मग ब्याण्णव साली देशात केबल आली आणि या दोघांमधून गेली. लक्ष्मणराव म्हणाले, "वर्ल्ड कपपुरती तरी वाचनालयात केबल घेऊ, पोरं येतील." केशवराव म्हणाले, "इथं लोक वाचायला येतात." लक्ष्मणराव म्हणाले, "कोण येतं? तू आणि ती भिंतीवरची पाल!"

झालं. त्या दिवसापासून चार वर्षं अबोला. पण लक्ष्मणराव होते आजीव सभासद, त्यामुळे वर्धापनदिनाला आले आणि फोटोला उभेही राहिले. चारचौघांत त्यांना हाकलणार कोण?

आता तुम्ही म्हणाल, दुसरा फोटो घ्यायचा! कुठून घेणार? छत्तीस फोटोंचा रोल. त्यातले पस्तीस आमच्या कलावंतानं नामपल्लीच्या वार्षिक प्रदर्शनात, म्हणजे नुमाईशमध्ये, उडवले होते: आकाशपाळणा, फुगेवाला, आणि फुलझाडांच्या दालनातल्या कुंड्या. वाचनालयाच्या वाट्याला आला तो छत्तिसावा. त्यात अकरा माणसं चार पायऱ्यांवर कोंबलेली. "सरका, अजून सरका! हिम्मतराव, मागे जा! आता कुणी हलू नका! श्वास घेऊ नका!" असं ओरडत कुलदीपनं बटण दाबलं होतं. त्या सरकासरकीत लक्ष्मणराव नेमके केशवरावांच्या शेजारी येऊन थांबले होते. कडेला असते तर कात्रीनं छाटले असते. हे बरोब्बर मधोमध!

कुलदीपनं आधी निगेटिव्हवर ब्लेड चालवलं. याला कारण घौसभाई. कोठीच्या वळणावर घौसभाईंचा स्टुडिओ होता आणि त्यांनी एकदा कुलदीपच्या डोळ्यांदेखत एका नवरदेवाच्या निगेटिव्हवर ब्लेडनं बारीक रेघा ओढून त्याच्या टकलावर केस उगवले होते. त्यावरून कुलदीपनं ठरवलं, की ब्लेडनं केस येतात तर माणूसही जाईल. घौसभाईंची निगेटिव्ह पोस्टकार्डाएवढी असायची आणि याची पोस्टाच्या तिकिटाएवढी, हा तपशील त्यानं विचारात घेतला नाही.

खरवडून झाल्यावर तो प्रिंट काढायला गेला. घौसभाईंनी निगेटिव्ह उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला.

"ये क्या करे मियाँ? मेरे कू पूछना था ना! ब्लेड से आदमी जाता नै, काला हो जाता."

खरंच तसं झालं. केशवरावांच्या शेजारी काळाकुट्ट, बिनचेहऱ्याचा एक आकार उभा होता. आधी नुसते लक्ष्मणराव होते, आता लक्ष्मणरावांचं भूत झालं! अंक दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेसमध्ये द्यायचा होता.

पण कलावंत हार मानतो होय? कुलदीपनं नुमाईशचे फोटो चाळले, त्यातली एक उंच क्रोटनची कुंडी निवडली, नखं कापायच्या कात्रीनं पान न् पान जपून कापली, आणि गोंद लावून त्या काळ्या आकारावर चिकटवली. काय बसली म्हणता! जणू पायरीवर शोभेला कुंडी ठेवली आहे. जरा माणसाएवढी होती, पण वर्धापनदिनाला मोठी कुंडी ठेवतात.

मृण्मयीनं फोटो हातात घेऊन निरखला. "सुरेख झालंय. पण केशवकाकांच्या खांद्यावर हा हात कुणाचा?"

कुलदीपनं बघितलं. हात होता खरा. चार बोटं, मनगट, घड्याळाचा पट्टा. निगेटिव्हवर तो टाचणीच्या डोक्याएवढा होता, दिसला कुणाला?

"हिम्मतरावांचा," त्यानं ठोकून दिलं. "मागे उभे आहेत ना, त्यांचा."

"नक्की?"

"मृण्मयी, फोटो मी काढलाय का तू?"

यावर ती गप्प बसली. आयुष्यात ती एवढ्या एकाच वेळी गप्प बसली, आणि त्याची चुटपुट तिला पुढे कित्येक वर्षं होती.

रविवारी सकाळी पाचशे अंक वाटले गेले. पोरांनी सायकलींवरून घरोघर टाकले, उरलेले इराण्याच्या हॉटेलात ठेवले. कुलदीप मुद्दाम तिथंच कोपऱ्यात चहा घेऊन बसला. स्तुती ऐकायला.

पहिल्या टेबलावरून आवाज आला, "अरे, या कुंडीला हात फुटलाय!"

दुसरा म्हणाला, "आणि तो केशवरावांच्या खांद्यावर टाकलाय!"

कुलदीपनं शेजारचा अंक तोंडासमोर धरला. तेवढ्यात खुद्द हिम्मतरावच अंक फडकावत आत आले. वाचनालयाचे सर्वांत जुने वाचक, आवाज लग्नातल्या बँडसारखा.

"कुलदीप! हा हात माझा म्हणून सांगत फिरतोस म्हणे? नीट बघ! मी एका हातात नारळ धरलाय आणि दुसऱ्यात शाल. तिसरा कुठून आणू?"

मग सगळं हॉटेल त्या हातावर वाकलं. कुणी म्हणालं भुताचा, कुणी म्हणालं छपाईची चूक. शेवटी गल्ल्यावरच्या माणसानं भिंग आणलं. हिम्मतरावांनी ते लावलं आणि त्यांचा चेहराच बदलला.

"घड्याळ उजव्या मनगटावर. तबकडी आत, बक्कल बाहेर." ते हळू आवाजात म्हणाले, म्हणजे फक्त रस्त्याच्या पलीकडेपर्यंत ऐकू गेलं. "अख्ख्या बाजारात असं घड्याळ एकच माणूस बांधतो. अरे, हा लक्ष्मणरावाचा हात! मिटलं वाटतं दोघांचं!"

ही बातमी 'खिडकी'पेक्षा जोरात खपली. दहा वाजेपर्यंत केशवरावांचं रस्त्यात चार जणांनी अभिनंदन केलं. त्यांना वाटलं वर्धापनदिनाचं, म्हणून ते हसून "आपलाच आशीर्वाद" म्हणत गेले. अकरा वाजता त्यांच्या पत्नीनं, वैशालीकाकूंनी, अंक पाहिला. त्या बाईंनी चार वर्षं या अबोल्यापायी जिवाभावाची मैत्रीण गमावली होती. डोळे पुसून त्यांनी पुरण शिजत घातलं आणि दुपारी डबाभर पोळ्या रिक्षानं थेट लक्ष्मणरावांच्या घरी पाठवल्या. तिकडून उलटपावली पाच किलो गुंटूर मिरची आणि "उद्या सगळे जेवायला या" असा निरोप आला. दोन्ही नवऱ्यांना अजून कशाचाच पत्ता नव्हता!

लागला तो चार वाजता. सव्वाचारला केशवराव वाचनालयात हजर होते आणि साडेचारला बेगम बाजारातून लक्ष्मणराव. मध्ये कुलदीप आणि मृण्मयी उभे. टेबलावर अंक, आणि अंकाशेजारी खोलीची किल्ली. मृण्मयीनं ती आधीच काढून ठेवली होती, तिचे डोळे भरले होते. त्या खोलीत त्यांनी बावीस अंक काढले होते. कुलदीपला त्या क्षणी दुबईचा कॅमेरा मुसी नदीत फेकून द्यावासा वाटला.

"याला विचार," लक्ष्मणराव कुलदीपला म्हणाले, "माझी कुंडी केली ती याच्या सांगण्यावरून का?"

"याला सांग," केशवराव म्हणाले, "मी काढायला सांगितलं होतं. झाडं लावायला नव्हतं सांगितलं."

"याला सांग, कुंडीसुद्धा धड निवडली नाही. मी काय एवढा जाड आहे?"

"याला विचार, माझ्या खांद्यावर हात ठेवायला याला सांगितलं होतं कुणी?"

लक्ष्मणराव एकदम थांबले. "पाय घसरला," ते भिंतीकडे बघून म्हणाले. "म्हणून धरलं."

केशवरावांनी अंक उचलला, चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी नेला. बराच वेळ बघत राहिले.

"पाय घसरलेला माणूस मूठ आवळतो," ते म्हणाले. "हा हात नुसता ठेवलाय."

लक्ष्मणरावांनी रुमाल काढून उगाच मान पुसली. आता ते कुलदीपशी बोलत नव्हते.

"मग झटकायचा होतास. कळलं नव्हतं का तुला कुणाचा ते?"

"न कळायला काय झालं? हातगाडी ओढली आहे त्या हाताबरोबर."

"मग झटकला का नाहीस?"

केशवरावांनी अंक खाली ठेवला. चष्मा पुन्हा डोळ्यांवर आणला. "हे पोरगं ओरडत होतं ना," ते म्हणाले, "कुणी हलू नका म्हणून!"

पहिल्यांदा कोण हसलं ते कुलदीपला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पण दोघं म्हातारे टेबलाला धरून असे हसले, की पुढच्या खोलीतला एकुलता एक वाचक दचकून उठला. हसता हसता केशवरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लक्ष्मणरावांनी तोच मानेचा रुमाल पुढे केला. केशवरावांनी तो घेतला आणि किल्ली मृण्मयीकडे सरकवली.

"जा, पुढचा अंक काढा," ते म्हणाले. "आणि तू रे, आता पूर्ण फोटो दे. कुंडीशिवायचा. दोघांना एक एक."

कुठून देणार? निगेटिव्ह खरवडलेली, प्रिंटवर गोंद सुकलेला! खाली मान घालून त्यानं ब्लेडपासून सगळं सांगून टाकलं. लक्ष्मणराव शांतपणे म्हणाले, "म्हणजे आधी मारलं, मग वर झाड लावलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं नवा रोल घातला आणि दोघांना त्याच पायऱ्यांवर उभं केलं. छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले. एकही कामाचा निघाला नाही. दोघं रेशनकार्डावर असतात तसे ताठ, हात शिवणीला चिकटलेले. "हात ठेवा ना खांद्यावर," कुलदीप काकुळतीला आला.

"सांगून ठेवतात का कधी?" लक्ष्मणराव म्हणाले.

शेवटी कुंडीचाच फोटो मोठा करून वाचनालयात लावला. खालची नावं लक्ष्मणरावांनी समोर बसून लिहून घेतली.

आता कुलदीप माधापूरला एका कंपनीत आहे. केसांचं काम घौसभाईंच्या ब्लेडपलीकडे गेलं आहे आणि फोनमध्ये अकरा हजार फोटो आहेत, त्यातला एकही तो पुन्हा बघत नाही. केशवराव गेले, त्यांच्या मागोमाग वर्षाच्या आत लक्ष्मणरावही गेले. घौसभाईंच्या स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. मृण्मयी पुण्याला परत गेली, ती दर वर्धापनदिनाला न चुकता फोन करून विचारते, "हात कुणाचा?"

गेल्या वर्षी तो वाचनालयात गेला होता. फोटो जागेवरच आहे. तो समोर उभा राहिला आणि नकळत त्यानं हात जोडले. शेजारी कॉलेजची एक मुलगी उभी होती. ती एकेका अक्षराला थांबत खालची नावं वाचत होती: "डावीकडून चौथे, केशवराव. पाचवे, लक्ष्मणराव." तिनं वर पाहिलं, बोटानं मोजलं, पुन्हा मोजलं. पाचवी कुंडी!

"अंकल," ती म्हणाली, "ये एडिटिंग किसने किया? कित्ती बेकार आहे!"

"हौ ना," कुलदीप म्हणाला आणि जोडलेले हात हळूच खिशात घातले. "काय की बाई, कुणी केलं!"