सोपानतात्यांनी संडासाला घातलेलं जीवामृत

"मैला उपसायची गाडी? आन् माझ्या दारात? पुढची धा वर्षं लागायची न्हाय!" सोपानतात्यांनी बारामतीहून आणलेली पावडरची पुडी उंच धरली, जणू कुस्तीची गदाच जिंकून आणली होती! "यात जितं जंतू हाईत. टाकीतला समदा गाळ खाऊन टाकत्यात!"

"अवं, उद्या उत्कर्षाला बघायला पाव्हणं येणार," प्रयागबाई कळवळून म्हणाल्या. "संडासातलं पाणी आत्ताच धड उतरंना. गुमान गाडी बोलवा!"

पण तात्या बावडा गावातले नावाजलेले ऊसवाले. उसाला शेण-गुळाचं जीवामृत करून घालावं तर त्यांनीच! पुडीवर लिहिलं होतं, संडासाच्या भांड्यात टाका आणि पाणी ओता. तात्यांना ते पटेना. उपाशी जंतू काम कसं करणार? त्यांनी पिंपात गूळ, बेसन, गोमूत्र आणि दोन पाट्या शेण कालवलं, त्यात पुडी सोडली आणि अख्खं पिंप हळूहळू संडासात रिचवलं!

सकाळी भांड्यातून गुडगुड आवाज येऊ लागला. मग फेस वर आला, चुलीवरच्या दुधासारखा! वास असा, की गोठ्यातल्या म्हशीनंही तोंड फिरवलं.

आणि नेमकी तेव्हाच बारामतीच्या पाहुण्यांची जीप दारात! मुलाचे वडील बापूसाहेब सावकाश उतरले. आई कौसल्याबाई मात्र उडी मारूनच उतरल्या.

"तात्या, संडास कुठं हाय?"

तात्या संडासाच्या वाटेत आडवे उभे राहिले. मुलगा उत्कर्षाला मनापासून आवडलेला. हे स्थळ मोडलं तर पोरगी जन्मभर बोलायची नाही!

"आधी च्या घ्या की, ताई!"

"च्या मागनं!"

"मग आमचा ऊस तरी बघा!"

"अवो, ऊस कसला दावताय? सरका बाजूला!"

बाईंचा हात कडीवर गेला. दाराखालून फेस त्यांच्या चपलेकडे सरकला. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

"थांबा काकू!" उत्कर्षा धावत आली. "तात्यांनी टाकीला जीवामृत घातलंय!"

कौसल्याबाईंनी कडीवरचा हात काढला.

"तात्या, जंतू आपल्या पोटातनंच टाकीत जात्यात, इकत आणावं लागत न्हाईत," ती शांतपणे म्हणाली. "पर तळाला बसल्याला गाळ कुठलीच पावडर संपवत न्हाय. तो उपसावाच लागतो. तुमी वरनं शेण ओतून त्यात भरच घातली! चला काकू, शेजारी मुनिराचाचीकडं."

दोघी पळाल्या. प्रयागबाईंनी गाडीवाल्याला फोन लावला. बापूसाहेब गंभीर चेहऱ्यानं फेसाजवळ गेले आणि वाकले. तात्या मनात म्हणाले, संपलं सगळं!

"तात्या," बापूसाहेब हळूच म्हणाले, "गूळ किती घातला हुता?"

"धा किलो."

"लई झाला! आमी आमच्या टाकीत ताक घातलं हुतं. फरशी उखडली!"

तेवढ्यात कौसल्याबाई परतल्या. चेहरा निवळला होता, पण तिखट कानांनी ताकाचं बोलणं टिपलं होतं.

"पोरगी पसंत हाय," त्या म्हणाल्या. "घरात एक तरी डोस्कं ठिकाणावर पायजे."

तात्यांची छाती फुगली. "मग साखरपुडा आमच्या दारात! शंभर मानसं आणा!"

कौसल्याबाईंनी नाकाला पदर लावला.

"साखरपुडा बारामतीतच हुईल. आन् तात्या, तुमी जेवायला या... जीवामृत घिऊन नगा येऊ!"