मोरवाल्या बाईला मध

"नवरा खेळतोय तर खेळू दे," शेजारच्या ताहेराभाभीने आकांक्षाला बजावलं होतं. "पण तू त्या खेळाला हात लावू नको. बिलकुल नको."

आकांक्षाने ते हसण्यावारी नेलं. ती कशाला हात लावते? बी.एस्सी. झालेली, अडीच वर्षांच्या लेकीची आई, गॅस बंद केला का हे तीन वेळा उठून बघणारी बाई ती. तिचं त्या खेळाशी भांडण होतं, आणि ज्या घराशी भांडण असतं तिथे कोणी पाणी प्यायला जात नाही.

खेळ होता पाताळाचा, ग्रीक लोकांच्या देवदेवतांवरचा, भाग दुसरा. पहिल्या भागात एक नावाडी पाताळात उतरायचा. ह्या भागात त्याची धाकटी बहीण होती, लिरा. तिच्या आईला विसर पाडणाऱ्या नदीपलीकडे कोंडून ठेवलेलं, आणि लिराने राक्षस तुडवत खाली जाऊन तिला सोडवून आणायचं. वाटेत मेली, की पुन्हा घरी चुलीपाशी, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. मध्ये देव भेटत, आणि दर फेरीला वेगळी शक्ती देत. कोणी वीज देई, कोणी लाट. उभ्या जाफराबादेत हा खेळ खेळणारे दोघेच. ठिबकच्या नळ्यांचं दुकान चालवणारा राधेश्याम, म्हणजे आकांक्षाचा नवरा, आणि त्याच्या शेजारच्या गाळ्यात पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा हाशिम, म्हणजे ताहेराभाभीचा.

राधेश्याम दुपारी एकला जेवायला यायचा आणि साडेतीनपर्यंत लॅपटॉपसमोर बसायचा. त्याच्या बसण्याचं आकांक्षाला वाईट वाटत नव्हतं, म्हणजे फार वाटत नव्हतं. वाईट वाटायचं ते त्याच्या आवाजाचं. "सांभाळून... डावीकडून येऊन राह्यला तो... हां, शाब्बास. आता जरा दम घे." लग्नाला पाच वर्षं झाली, आकांक्षाला कोणी दम घे म्हटलं नव्हतं. लेकीच्या, आर्वीच्या वेळी तिला कळा येत होत्या तेव्हा हाच माणूस रिक्षावाल्याशी, कोणत्या रस्त्याने जायचं, यावरून वाद घालत होता.

त्यात मधाचं प्रकरण. खेळात मधाच्या बरण्या मिळत. ज्या देवाला बरणी द्यावी तो खूश होई. राधेश्यामने आजवर अकरा बरण्या एकट्या आफ्रोदितीला दिल्या होत्या. ही सौंदर्याची देवी. केस गुडघ्यापर्यंत, कपडे त्या मानाने कमी.

"बारावी कोणाला?" आकांक्षाने भाजी वाढता वाढता विचारलं.

"साठवून राह्यलो. आठ आहेत. शेवटच्या दाराला लागतील." त्या दारावर तो एक्कावन्न वेळा मेला होता. "एकदा ते उघडलं ना, की शेवट. तो एकदाच दिसतो, परत न्हाई. मी अन् हाशिम सोबत बघणार. पहिल्या भागाचा बघितल्ता तसाच. जबान दिलीय मी त्याला."

हे सांगताना त्याच्या डोळ्यांत जी चमक आली, तशी आकांक्षाने एकदाच पाहिली होती, तो तिला बघायला आला होता तेव्हा. आणि तेव्हाही ती पोह्यांसाठी असावी, अशी तिला अलीकडे शंका होती.

"ती निदान मेल्यावर तरी घरी येते," आकांक्षा म्हणाली. "तुम्ही तर जिवंत असून येत न्हाईत."

"हं," राधेश्याम म्हणाला.

ह्या "हं"ने घात केला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, सासूबाई आर्वीला घेऊन अंगणात बसल्या असताना, आकांक्षाने लॅपटॉप उघडला. बेत साधा होता. आठही बरण्या भलत्याच कोणाला तरी देऊन टाकायच्या आणि लॅपटॉप मिटायचा. राधेश्यामने जिला आजवर एक थेंबही दिला नव्हता अशी एकच देवी होती, हेरा. लग्नाच्या बायकांची देवी. बाजूला मोर, कपाळाला आठी. हिचा नवरा बाहेरख्याली, आणि ही त्याच्यापायी जगभर जळत फिरणारी. राधेश्याम तिला "ती कुरकुरी" म्हणायचा. आकांक्षाने आठच्या आठ बरण्या कुरकुरीच्या ओटीत घातल्या.

इथेच लॅपटॉप मिटला असता, तर ही गोष्ट झाली नसती. पण आकांक्षाचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. देवीची ओटी भरली की प्रसाद घेतल्याशिवाय पाठ फिरवायची नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. समोर हेराने हात पुढे केला, हातात मोराचं पीस. आता ते न घेता उठायचं कसं? लेकराबाळाचं घर. आकांक्षाने पीस घेतलं, आणि लिरा पाताळाच्या पायऱ्या उतरू लागली.

हेराची शक्ती अशी होती की, ज्या राक्षसाला फटका बसेल तो शेजारच्या राक्षसावर जळायला लागे आणि त्याच्यावरच धावून जाई. राधेश्यामच्या मते ही शक्ती बिनकामाची, कारण कोणाला फटका मारावा हे कळत नाही. आकांक्षाला कळत होतं. पाच जणांच्या घोळक्यात कोणाच्या मनात कोणाबद्दल सलतंय, हे तिला लग्नाच्या हॉलमध्ये दारातूनच कळायचं. हे तर राक्षस. शेवटच्या दारावर दोन जुळे पहारेकरी होते. एकाची ढाल दुसऱ्याहून बोटभर मोठी. आकांक्षाने लहान ढालवाल्याला हळूच एक टोला दिला आणि बाजूला उभी राहिली. भावाभावांनी एकमेकांचा निकाल लावला.

दार उघडलं. लिराची आई बाहेर आली, तिने लेकीला ओळखलं, आणि पदराने डोळे पुसत आकांक्षा खेळ बनवणाऱ्यांची नावं दहा मिनिटं वाचत बसली. नावं संपली तेव्हा तिला आठवलं की शेवट एकदाच दिसतो.

आर्वीला काखोटीला मारून ती शेजारी धावली. ताहेराभाभी शांतपणे मेथी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीन कप्पे असतात ना त्यात? वेगवेगळे खेळ साठवायचे? दुसऱ्या कप्प्यात पहिल्यापासून खेळ. त्याच्या दारापर्यंत आण अन् पहिल्याच्या जागी ठेवून दे. एकवीस दिवस लागतात."

"अन् तोवर यांना काय सांगू?"

"चार्जर गायब कर. चार्जर न्हाई तर खेळ न्हाई."

आकांक्षाने चार्जर गव्हाच्या कोठीत पुरला. राधेश्यामने घर पालथं घातलं, हाशिमच्या गाळ्यात शोधलं, नवा मागवला तर येणार तीन आठवड्यांनी. आणि मग ते झालं, ज्याची आकांक्षाने पाच वर्षं वाट बघितली होती. नवरा रिकामा झाला.

तो दुपारी आर्वीला खांद्यावर घेऊन अंगणभर फिरू लागला. भाकरी छान झाली म्हणू लागला. "तू जरा दम घे," असंसुद्धा एकदा म्हणाला. पण आकांक्षाला दम घ्यायला फुरसत होती कुठे? रोज दहा ते बारा, चार्जर कोठीतून उकरून, तिला पाताळात असावं लागे, आणि उरलेल्या वेळात मोबाइलवर पाताळाचे नकाशे बघावे लागत. राधेश्याम दुकानात जायला पाच मिनिटं रेंगाळला तरी तिचा जीव खालीवर होई. चतुर्थीला तो तिला हौसेने राजूरच्या गणपतीला घेऊन गेला, आणि दर्शनाच्या रांगेत ती पूर्ण वेळ मनातल्या मनात एका तीन डोक्यांच्या कुत्र्याचा विचार करत राहिली. कोणतं डोकं कोणत्या डोक्यावर जळत असेल?

राधेश्याम काही आंधळा नव्हता. बायकोच्या अंगठ्याला फोड आलेला. तो आला की ती मोबाइल पालथा घालते. आणि काल तर भाकरी थापता थापता ती हळू, मऊ आवाजात म्हणाली होती, "सांभाळून... डावीकडून येऊन राह्यला." हा आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. तो कोणासाठी होता?

"तू दुपारून लई खूश असती आजकाल," तो रात्री जेवताना म्हणाला.

"मी? कुठं?"

"आई आज सात वेळा मेली," आर्वी वरणभात चिवडत म्हणाली.

राधेश्यामचा घास हातातच राहिला.

"आजी नऊ," आर्वी पुढे म्हणाली.

"अंक शिकून राह्यली ती," पुष्पाबाई, म्हणजे आकांक्षाच्या सासूबाई, तिच्या बोलण्यात आत्याबाई, घाईघाईने म्हणाल्या. "सात, नऊ. आठ इसरली बघ." आणि नेहमीप्रमाणे, "पडते जरा," म्हणून आत गेल्या.

त्याच आठवड्यात आकांक्षाला दुसरीच चिंता लागली. दुसऱ्या कप्प्यात तिच्या फेऱ्या झाल्या होत्या तेवीस, आकडा दिसत होता एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी छप्पन्न. सकाळी मेलेली लिरा दुसऱ्या दिवशी तीन मजले खाली पोचलेली असे. म्हणजे ह्यांना चार्जर सापडलाय. ती चार वाजता, आर्वीला कधी घेऊन, कधी आजीपाशी झोपवून, ताहेराभाभीकडे गेली की हे गुपचूप घरी येतात आणि पुन्हा त्या लिराला मऊ आवाजात काहीबाही सांगत बसतात. वर दुपारी साळसूदपणे आर्वीला खांद्यावर घेतात. ताहेराभाभीने दिलेला चहा तिला कडू लागला.

शुक्रवारी ती आर्वीला घेऊन चारला निघाली, कोपऱ्यापर्यंत गेली, आर्वीला ताहेराभाभीच्या हवाली केलं आणि चपला हातात घेऊन मागच्या दाराने परत आली. मागच्या दाराशी चपला हातात घेतलेला आणखी एक माणूस उभा होता. दुकानाचं शटर ओढून आलेला राधेश्याम.

"तुम्ही आत न्हाईत?" आकांक्षा कुजबुजली.

"तू न्हाईस आत?" राधेश्याम कुजबुजला.

आतून आवाज आला. हळू, मऊ. "सांभाळून माय... डावीकडून येऊन राह्यला मेला. हां. आता दम घे."

दोघांनी दार ढकललं. पुष्पाबाई पाटावर बसलेल्या, चष्मा नाकावर, पदर खोचलेला, कंट्रोलर दोन्ही हातांत, आणि चार्जरला अजून गव्हाचे दाणे चिकटलेले. पडद्यावर शेवटचं दार, आणि दारात ते जुळे भाऊ.

"आई?" राधेश्याम म्हणाला.

"गप बस. मरंल ती."

"आत्याबाई, चार्जर तुम्हाला..."

"माझ्या गव्हात वस्तू ठेवती अन् मलाच इचारती? कोठी उघडली मी, निवडायला. तू काय करती ते खिडकीतून बघितलं. इंग्रजी येत न्हाई मला, पण मोर तर वळखू येतो." बोलता बोलता त्यांनी लहान ढालवाल्याला एक टोला दिला. "जावाजावांत राह्यलेली बाई हाय मी. कुणाला डिवचायचं ते मला कुणी शिकवू नये."

जुळे एकमेकांवर धावून गेले. दार करकरलं. राधेश्यामला एकदम हाशिम आठवला, दिलेली जबान आठवली, आणि त्याने झटकन भिंतीकडे तोंड करून दोन्ही हातांनी डोळे झाकले. पुढची पाच मिनिटं त्याच्या पाठीमागे त्याची आई आणि त्याची बायको हुंदके देत होत्या, आणि तो गरीब चुन्याच्या भिंतीला विचारत होता, "संपलं का? संपलं का?"

संपल्यावर तो वळला. "ठीक आहे," म्हणाला. "हा दुसरा कप्पा तुमचा. माझा पहिला तर आहे ना." त्याने पहिला कप्पा उघडला. लिराचं घर दिसलं. चूल दिसली. चुलीपाशी लिराची आई बसलेली होती, निवांत, भाजी चिरत.

आकांक्षा छताकडे बघू लागली.

"ही इथं कशी आली?" राधेश्यामने विचारलं.

आकांक्षाने सांगितलं. मधापासून चार्जरपर्यंत सगळं, न थांबता. आपण जळत होतो हेही सांगितलं, कारण ते लपवून आता उपयोग नव्हता. राधेश्यामने घसा साफ केला.

"कितव्या फेरीत उघडलं तुला?"

"पहिल्याच."

"अन् शक्ती कोणाची?"

"कुरकुरीची."

"एक्कावन्न वेळा मेलो मी," राधेश्याम भिंतीला म्हणाला.

"मरशीलच," पुष्पाबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "त्या केसवालीला अकरा बरण्या, अन् मोरवालीला एक न्हाई. घरच्या बाईला इसरणाऱ्याला ती कशाला पावंल?"

आर्वीला आणायला आकांक्षा शेजारी गेली तेव्हा तिला इतके दिवस न सुचलेला प्रश्न सुचला. एकवीस दिवस लागतात, हे भाभीला कसं माहीत? ताहेराभाभीने आधी दार लोटलं, मग ओढणी सारखी केली. "पहिल्या भागाचा शेवट त्या दोघांनी सोबत बघितल्ता ना? तो कप्पा माझ्या हातचा, एकवीस दिवसांत पहिल्यापासून उभा केलेला. म्हणून तर सांगितल्तं, हात लावू नको म्हणून. हाशिमला बोलू नको."

आता तिसरा कप्पा उरलाय, शेवटचा. तो राधेश्याम आणि हाशिमचा, असं घरात ठरलंय, आणि त्या कप्प्यातली पहिली बरणी राधेश्यामने मोरवालीला दिली. त्याच दिवशी तो मोगऱ्याचा गजराही घेऊन आला. आकांक्षा तेव्हा आपल्या कप्प्यात होती. "हं," ती म्हणाली, "ठेवा तिथं."

पण तिसऱ्या कप्प्यात परवा सहा फेऱ्या होत्या, काल राधेश्याम दुकानातून हललासुद्धा नाही, आणि आज अकरा आहेत. आज आर्वीला डोस आहे, त्यामुळे आकांक्षाला चारला दवाखान्यात जावंच लागणार. म्हणून, तुम्ही जाफराबादेत त्या बाजूने जात असाल तर एवढं एक करा. खिडकीतून डोकावा, आणि पुष्पाबाई खरंच पडल्यात का ते बघून या. घोरणं ऐकू आलं तरी विश्वास ठेवू नका. चार्जर अजून कोठीतच ठेवतात; आधी गव्हात हात घालून तो जागेवर आहे का ते बघा.