सरावाची खाट

ज्या मुलीचा हात थरथरे, तिला रणपिसे सिस्टर ताबडतोब पेशंट करीत. चिंचवडच्या रुग्णालयात त्या परिचारिकांना शिकवीत असत. सरावासाठी वर्गात गवत भरलेली एक बाहुली होती. तिला बाजूला सारून त्या धडधाकट विद्यार्थिनीला खाटेवर निजवीत आणि इतर मुलींकडून तिचे अंग पुसून घेत, केस धुऊन घेत. ती काही सांगू लागली, की ठरलेले वाक्य येई : "पेशंटनं बोलायचं नसतं."

मी न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालो आहे. बेकायदा काही दिसले, की माझा हात आपोआप दौतीकडे जातो. स्टेशनावरचे घड्याळ मागे पडते, याविषयी रेल्वेला लिहिलेली माझी पत्रे अद्याप अनुत्तरित आहेत.

माझी भाची शांता चाकणहून तेथे शिकायला आली होती. एका खाणकामगाराचे मूल तिच्या पाळीत दगावले आणि तिचे अन्नपाणी तुटले. हातातून थर्मामीटर निसटू लागले. अधीक्षकांनी नियमावर बोट ठेवले : अंगात ताप असल्याशिवाय रजा नाही.

"मामा, मला घरी न्या," ती म्हणाली. "डोळा मिटला की ते पोर दिसतंय."

दुसऱ्या दिवशी तिला आणायला मी तावातावाने गेलो, तर शांता त्या खाटेवर आडवी होती आणि दोघी जणी शिकेकाईने तिचे केस धूत होत्या. निरोगी मुलीवर हा प्रयोग कोणत्या कलमाखाली, बाहुली कशासाठी आहे, असे मी विचारले.

"बाहुलीला कुणाचं मरण आठवत नाही, साहेब," सिस्टर म्हणाल्या.

उत्तर मला उद्धट वाटले. शांता माझ्याबरोबर आलीच नाही. सिस्टरांना पदावरून दूर करावे, असा सविस्तर अर्ज मी अधीक्षकांकडे धाडला.

चौकशीच्या दिवशी शांताने मला वर्गाच्या दारातच अडवले. "अर्ज मागं घ्या, मामा. त्या खाटेवर मला झोप लागली. तुमी गेल्यावर सिस्टरांनी दुपारभर कुणाला आत येऊ दिलं न्हाई. आमाला रडायला रजा न्हाई, पण प्रात्यक्षिकाला तास हाय."

प्रात्यक्षिकाच्या वेळी वर्गात प्रवेश नाही, असा नियम दारावरच डकवलेला होता. तो मी दोनदा वाचला. संताप मुळीच ओसरला नाही. मात्र त्याचा प्रतिवादी बदलला.

आत सिस्टर किटलीत पाणी भरत होत्या. गावात तापाची साथ होती आणि कित्येक दिवस त्या वॉर्डातून हलल्या नव्हत्या. त्यांच्या हातातल्या किटलीचे झाकण खडखडू लागले. मुलींनी एकमेकींकडे पाहिले. एकीने बाहुली उचलून कोपऱ्यात ठेवली. शांता आत धावली आणि बाकीच्यांबरोबर तिने सिस्टरांना दंडाला धरून खाटेवर निजवले.

तेवढ्यात अधीक्षक आले. मी दार ओढून घेऊन आडवा उभा राहिलो.

"प्रात्यक्षिक चालू आहे. प्रवेश निषिद्ध. नियम आपलाच आहे."

"अहो, पण तक्रार तुमचीच ना?"

"अर्जदाराने ती मागे घेतली आहे. पुढची रजेच्या नियमाविरुद्ध असेल, आणि ती आपल्या नावे येईल."

दारामागे तांब्याने पाणी ओतल्याचा आवाज झाला. मग सिस्टरांचा, पूर्वी कधी न ऐकलेला, बारीक स्वर आला :

"आई गेल्यापासून माझ्या डोक्यावर कुणी पाणी घातलं नव्हतं गं."

"पेशंटनं बोलायचं नसतं, सिस्टर," शांता म्हणाली.