सड्यावरची ओळख

आंबेघळीच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर, उगवलेल्या परमुलखातल्या झुडपाने ओळख पटवायला सुलभाताई केंजळे यांचं नाव दिलं, म्हणून वनरक्षक बावधने यांनी त्यांना साताऱ्याहून बोलावून घेतलं.

झुडूप गुडघाभर होतं. फुलं पिवळी, पावट्याच्या फुलाच्या घडणीची. पानं तीन-तीनच्या जुडग्यांत. त्याच्याविरुद्ध सड्यावरच्या गवतांची तक्रार होती. हा परका मुळांच्या गाठींतून मातीला न मागता खत घालतो, असं त्यांचं म्हणणं. सड्याचं गवत हलक्या, उपाशी मातीतच टिकतं. माती माजली की दांडगं तण येतं आणि गवताला जागा उरत नाही.

"सवयच होती ह्यांना," सुलभाताई म्हणाल्या. त्यांच्या यजमानांचा, मुकुंदरावांचा, जन्म कॉलेजात मुलांना गवतं ओळखायला शिकवण्यात गेला होता. पण घरी आलेल्याच्या पानात ते न विचारता वाढत. त्यांचं वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं.

"माती फारच हलकी दिसली," झुडूप म्हणालं.

बावधन्यांनी नियम सांगितला. ओळख पटली नाही, तर झुडपाला कुणी हात लावायचा नाही, ते राहील. पटली, तर घरच्यांनीच उपटायचं.

"नाही ओळखत म्हणालात तरी चालतंय, ताई," ते हळूच म्हणाले. "मागं एक काका सख्ख्या भावाला नाही म्हणाले."

मग तिथलं गवत कसं आहे, असं सुलभाताईंनी विचारलं. बावधने टोपी झटकत राहिले.

सुलभाताई झुडपापाशी बसल्या. सड्यावर फिरायला आलं की मुकुंदराव त्यांना एकेक काडी ओळखायला लावत, आणि अंदाजाने सांगितलेलं त्यांना खपत नसे. सुलभाताईंनी पान उलटून पाहिलं, शेंग चाचपली.

"ओळखते," त्या म्हणाल्या. "हे आमचेच."

सूर्य कलला होता. पानं मिटेपर्यंत थांबू या, एवढंच त्यांनी मागितलं. ते मान्य झालं. उजेड सरला तशी पानं एकेक करून मिटली.

"बुडाशी धर," झुडूप म्हणालं. "नाहीतर मूळ राहतं."

त्यांनी बुडाशी धरलं.

उतरताना उपटलेल्या झुडपाचं पोतं बावधन्यांच्या खांद्यावर होतं. असल्या झाडांचं बी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं, पुढल्या साली पुन्हा बोलावणं येणार, असं ते म्हणाले.

"आदल्या दिवशी कळवा," सुलभाताई म्हणाल्या. "डबा करून आणता येईल."